उभ्या गाडीचे टायरही म्हातारे होतात

सोसायटीच्या वाहनतळावर कापडी आच्छादनाखाली एक मोटार उभी असते. तिचे मालक सत्तरी ओलांडलेले. आठवड्यातून एकदा भाजी आणि बँक, महिन्यातून एकदा डॉक्टर, वर्षातून एकदा कुलदैवत. एवढाच तिचा वावर. 'सात वर्षांत अवघी एकवीस हजार किलोमीटर चालली आहे, टायर अजून नव्यासारखे आहेत,' असे ते अभिमानाने सांगतात, आणि वाकून पाहिले तर टायरच्या नक्षीच्या खाचा खरोखरच खोल दिसतात. मग दिवाळीत मुलगा, सून आणि नातवंडे येतात. आजी-आजोबांना घेऊन शिर्डीला किंवा शेगावला जायचे ठरते. डिकी भरते, पाच माणसे बसतात, आणि सात वर्षे शहरात चाळीसच्या वेगाने चाललेली ती गाडी भर दुपारी ताशी शंभराच्या वेगाने धावू लागते.

आपल्या घरी अशी गाडी असेल, तर पुढील मजकूर तिच्याविषयी आहे. रक्तदाब, साखर, हाडांची घनता यांविषयी वाचण्याची सवय असलेल्या वाचकांना आरोग्याच्या पाक्षिकात टायरचा विषय कशाला, असे क्षणभर वाटेल. परंतु ज्या धक्क्यातून तीस वर्षांचा माणूस खरचटण्यावर सुटतो, त्याच धक्क्यात पंचाहत्तरीच्या व्यक्तीचे खुब्याचे हाड मोडू शकते, आणि त्यानंतरचे अंथरूण किती लांबते हे ज्या घराने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको. ज्येष्ठांना प्रवासाला नेताना औषधांची पिशवी आपण दोनदा तपासतो. ज्या चार चाकांवर त्यांना बसवतो, ती मात्र एकदाही पाहत नाही.

टायर फुटणे हे नशिबाचे काम आहे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती न्यायालयापर्यंतही गेली. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी दरीत कोसळली आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. भरपाई देण्याची वेळ आली तेव्हा, टायर फुटणे ही ईश्वरी करणी आहे, असा बचाव विमा कंपनीने केला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. एस. जी. डिगे यांनी तो फेटाळला. ज्यावर माणसाचे नियंत्रण असूच शकत नाही अशी घटना म्हणजे ईश्वरी करणी. टायर फुटणे तसे नव्हे, त्यामागे अधिक वेग, कमी किंवा अधिक हवा, जुना टायर, तापमान अशी कारणे असतात आणि चालकाने निघण्यापूर्वी टायरची स्थिती तपासली पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. माझ्या मते हा निकाल प्रत्येक वाहनधारकाने माहीत करून घ्यावा असा आहे. भरपाई हा त्यातला एक भाग झाला. दोष दैवावर ढकलण्याची सोय त्याने काढून घेतली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

टायर एका क्षणात फुटत नाही

फुटण्याचा आवाज एका क्षणाचा असतो. बिघाड आधीपासून चाललेला असतो. मोटारीच्या टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो तळहाताहून फारसा मोठा नसतो. अशा चार तळहातांवर हजार-बाराशे किलोची गाडी उभी असते. चाक फिरते तेव्हा टायरचा प्रत्येक भाग रस्त्यावर येताच दबतो आणि वर जाताच पुन्हा फुगतो. मध्यम आकाराच्या मोटारीचा वेग ताशी १०० किलोमीटर असेल, तर हे दबणे-फुगणे दर सेकंदाला सुमारे चौदा वेळा होते. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती गरम होते आणि शेवटी तुटते, हे आपण लहानपणी करून पाहिलेले असते. टायरमध्येही रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. हवा पुरेशी असेल तर टायर थोडाच वाकतो आणि त्याची उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. हवा कमी असेल तर तो अधिक वाकतो, अधिक तापतो, रबर आणि तारा यांना जोडणारा बंध सैल होतो आणि नक्षीचा थर आतून सुटू लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही. तासा-दीड तासाने, कधी दुसऱ्याच प्रवासात, तो थर निघून येतो किंवा टायरची बाजू फाटते.

म्हणजेच टायर फुटण्यामागे कमी हवा, अधिक वजन, अधिक वेग, बाहेरची उष्णता आणि रबराचे वय ही कारणे बहुधा हातात हात घालून येतात. एकच कारण असेल तर टायर ते पुष्कळदा सोसतो. दिवाळीच्या त्या प्रवासात मात्र पाचही एकत्र येतात.

समृद्धी महामार्गावर नेमके हेच घडताना दिसले. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, पुढे जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळाली. टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा सुरू झाली तेव्हा अनेकांनी काँक्रीटला दोष दिला. परिवहन विभागाने मात्र प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याची मोहीम घेतली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. रस्त्याच्या गुणदोषांवर वाद होऊ शकतो. परंतु पूर्वी नागपूर-शिर्डी प्रवासात गावे लागत, फाटके लागत, चहाला थांबावे लागे, आणि त्या प्रत्येक थांब्यात टायर निवत असे. अखंड सरळ रस्त्याने ती सक्तीची विश्रांती काढून घेतली आहे. ती आता आपण होऊन घ्यावी लागते.

रबराचे वय

रबर हा जिवंत पदार्थ नसला तरी त्याला वार्धक्य येते. हवेतील प्राणवायू आणि ओझोन, उन्हातील अतिनील किरणे आणि उष्णता यांमुळे रबर कडक होत जाते. हे रोखण्यासाठी टायरच्या रबरात काही संरक्षक द्रव्ये आणि मेण मिसळलेले असते. टायर फिरताना, वाकताना हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन संरक्षक थर धरते. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की ही क्रिया मंदावते. म्हणूनच रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाही आतून थकलेले असू शकतात. सांधेदुखी झालेल्या माणसाला चालत राहा असे डॉक्टर का सांगतात, हे आठवले तर ही गोष्ट ध्यानात राहील.

टायरचे वय त्याच्यावरच लिहिलेले असते. टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनंतर किंवा एका लहान लंबगोल चौकटीत चार अंक उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३५१८' असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस बनला. अंक बारीक असतात आणि कधी कधी चाकाच्या आतल्या बाजूला जातात, त्यामुळे गुडघ्यांना त्रास देऊन खाली बसण्याची गरज नाही. नातवाला मोबाइलने छायाचित्र काढायला सांगावे आणि पडद्यावर मोठे करून वाचावे.

किती वर्षांनी टायर बदलावा, याविषयी सगळ्या उत्पादकांचे एकमत नाही. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यायला आणि कितीही चांगला दिसला तरी दहाव्या वर्षी काढून टाकायला सांगतात. आपल्याकडचे ऊन आणि ज्येष्ठांचा प्रवास लक्षात घेता, लांबच्या रस्त्यासाठी सहा वर्षांपुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. गावातल्या गावात तीसच्या वेगाने फिरणाऱ्या गाडीला हा नियम इतका कडक लावण्याची गरज नाही, पण मग ती गाडी महामार्गावर नेऊ नये.

या हिशेबात डिकीतली स्टेपनी हमखास सुटते. एकदाही न वापरलेली म्हणून ती कोरी वाटते. माझ्या जुन्या गाडीची स्टेपनी मी पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा ती गाडीच्याच वयाची, अकरा वर्षांची निघाली, आणि तिच्यात हवा जवळजवळ नव्हतीच. काही नव्या गाड्यांत अरुंद, तात्पुरती स्टेपनी देतात. तिच्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. जवळच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी ती असते, उरलेली यात्रा पुरी करण्यासाठी नव्हे.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवू नये

आता एका अत्यंत रूढ चुकीकडे येतो. 'उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायरमध्ये चार-पाच पॉइंट कमीच ठेवा,' हा सल्ला आपल्याला पंपावर, गॅरेजात, आणि शेजाऱ्यांकडूनही मिळतो. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि नेमका उलटा आहे. टायर तापल्यावर दाब वाढतो हे खरे. गाडी चालल्यानंतर तो चार-सहा पीएसआयने वाढलेला दिसणे स्वाभाविक आहे. परंतु गाडी बनवणाऱ्यांनी दाब ठरवताना ही वाढ गृहीत धरलेली असते. मुद्दाम कमी हवा ठेवली की टायर अधिक वाकतो आणि अधिक तापतो. ज्या उष्णतेपासून त्याला वाचवायचे, तीच आपण वाढवतो. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात हा सल्ला पाळणे म्हणजे ताप आलेल्या माणसावर गोधड्या घालणे होय.

योग्य दाब किती, हे पंपावरच्या मुलाने सांगायचे नसते, टायरवर वाचायचेही नसते. टायरवर लिहिलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते. आपल्या गाडीसाठीचा आकडा चालकाचे दार उघडल्यावर चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. तेथे बहुधा दोन ओळी असतात: एक-दोन माणसे असताना किती आणि पूर्ण भार असताना किती. आपण एरवी पहिल्या ओळीप्रमाणे हवा भरतो आणि सहकुटुंब निघतानाही तीच ठेवतो. दुसरी ओळ अशाच प्रवासासाठी असते.

हवा टायर थंड असताना मोजावी, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा दोनेक किलोमीटरपेक्षा कमी चालली असताना. वाटेत जेवायला थांबल्यावर तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला तर हवा सोडू नये. टायर निवल्यावर ती कमी पडेल. काहीही न होता टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपून जातेच. चार महिने उभ्या असलेल्या गाडीत ती किती उरली असेल, याचा अंदाज आपणच करावा. ट्यूबलेस टायर कमी हवेतही वरवर ठीक दिसतो, म्हणून डोळ्यांवर किंवा लाथेवर विसंबू नये. काही शे रुपयांत चांगला दाबमापक मिळतो. घरात रक्तदाबाचे यंत्र ठेवतो, तसा हाही ठेवावा आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, निवृत्तिवेतन जमा होण्याच्या दिवशी म्हणा, सकाळी तपासावे. व्हॉल्व्हचे प्लास्टिकचे टोपण हरवले असेल तर नवे बसवून घ्यावे. धूळ आत जाऊन व्हॉल्व्ह गळू लागतो.

नायट्रोजनबद्दल पुष्कळजण विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो, त्यात ओलावा नसतो, इतकाच लाभ. तो भरला म्हणून तपासणी सोडून दिली तर लाभाची हानीच होते.

टायर घेताना

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न नावाचा किंवा सवलतीचा विचारू नये. प्रथम आकार. '१८५/६५ आर१५ ८८एच' असे काहीसे टायरवर असते. यातील १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे बाजूच्या उंचीचे त्या रुंदीशी प्रमाण, 'आर' म्हणजे रेडियल, १५ हा इंचांत चाकाचा व्यास. शेवटचे ८८ आणि 'एच' यांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. ८८ हा भारांक आहे. असा एक टायर पूर्ण दाबाला ५६० किलो पेलतो. भारांक ८२ असेल तर ४७५ किलो. 'एच' हे वेगाचे अक्षर, ताशी २१० किलोमीटर. 'टी' म्हणजे १९०. इतक्या वेगाने आपण कधीच जाणार नाही, तरी कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचा भारांक किंवा खालचे अक्षर स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नये. तो फरक म्हणजे उष्णता सोसण्याची राखीव ताकद असते.

मग तारीख पाहावी. दुकानात दोन-तीन वर्षे पडून असलेला टायर 'नवाच आहे' म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो. बिल करण्यापूर्वी ते चार अंक स्वतः वाचावेत आणि एक वर्षाच्या आतला टायर मागावा. आयएसआय चिन्ह असावे. जुना टायर, कितीही चांगला दिसला तरी, घेऊ नये. तो पूर्वी कोणत्या खड्ड्यात आपटला होता हे कोणालाच ठाऊक नसते. रबर चढवलेले टायर ज्येष्ठांच्या मोटारीला नकोत. चारही टायर एकदम बदलण्याइतका खर्च जमत नसेल तर एका आसाचे दोन बदलावेत आणि नवे दोन मागे बसवावेत. पुढे बसवावेत असे अनेक मिस्त्री सांगतील. परंतु मागची चाके घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि ती सावरणे कसलेल्या चालकालाही कठीण जाते.

टायरच्या बाजूला फुगा आला असेल, बोटाचे नख अडकेल अशा चिरा पडल्या असतील किंवा नक्षीच्या खाचांमधील लहान उंचवट्यांपर्यंत रबर झिजले असेल, तर चर्चा करू नये. ते उंचवटे १.६ मिलिमीटरवर असतात आणि त्याखाली टायर वापरणे आपल्या नियमांतही बसत नाही. बाजूच्या भिंतीवरचे पंक्चर दुरुस्त होत नाही. कोणी करून देतो म्हटले, तरी तो टायर महामार्गावर न्यायचा नाही.

वजनाचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. साठ-सत्तर किलोची पाच माणसे म्हणजे सव्वातीनशे किलो. त्यावर चार बॅगा, घडीची चाकाची खुर्ची, पाण्याचा जार, परतताना तांदळाचे पोते. मागाहून बसवलेली सीएनजीची टाकी असेल तर तिचे वजन याआधीच मागच्या दोन टायरवर बसलेले असते. पाचजण आणि सगळे सामान जाणार असेल, तर सामानातले काही आधी कुरिअरने पाठवणे किंवा दोघांनी रेल्वेने जाणे हा कमीपणा नव्हे.

अमेरिकेतील चाकांवरचे घर

आपल्या वाचकांपैकी काहीजण वर्षातले काही महिने अमेरिकेत लेकाकडे किंवा लेकीकडे असतात. तेथे उन्हाळ्यात मोटारीमागे 'ट्रॅव्हल ट्रेलर' जोडून राष्ट्रीय उद्याने पाहायला जाण्याची हौस पुष्कळ भारतीय कुटुंबांतही रुजली आहे. आत पलंग, स्वयंपाकघर, शौचालय, म्हणून आई-बाबांना सोयीचे, हा विचार रास्तच आहे. परंतु उभ्या गाडीच्या ज्या दुखण्याविषयी आपण बोलत आहोत, त्याचे सर्वांत तीव्र रूप या ट्रेलरमध्ये दिसते. तो वर्षाचे दहा महिने अंगणात उन्हात उभा असतो आणि मग दोन आठवड्यांत हजारो मैल धावतो, तोही जवळजवळ पूर्ण भाराने.

त्याच्या टायरवर 'एसटी' ही अक्षरे असतात. आपल्या लाल परीशी त्यांचा संबंध नाही. 'स्पेशल ट्रेलर' याचे ते लघुरूप. यांच्या बाजूच्या भिंती अधिक ताठ असतात, कारण वळताना ट्रेलर डोलतो आणि टायरला बाजूने मोठा ताण बसतो. त्यांच्या जागी मोटारीचे टायर बसवू नयेत. वेगाचे अक्षर नसलेल्या अशा टायरसाठी ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, ही जुनी मर्यादा आहे. मोटार सहज ऐंशी मैलांनी जाऊ शकते आणि मागे काय जोडले आहे याचा विसर पडतो, तेथे घात होतो. हवा ट्रेलरच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढी, थंड असताना, पूर्ण भरलेली हवी. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी कोरी असली तरी टायर बदललेले बरे. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की दीडशे किलो वाढतात, म्हणून पाणी मुक्कामाजवळ भरणे शहाणपणाचे.

मागच्या ट्रेलरचा टायर फुटला तर चालवणाऱ्याला बराच वेळ कळतही नाही. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये शेजारचा टायर दुप्पट भार घेऊन धावत राहतो आणि थोड्या वेळाने तोही जातो; फाटलेल्या टायरचे पट्टे तळ आणि गॅसच्या नळ्या फोडतात. टायरमधील दाब आणि तापमान चालकाला दाखवणारी संवेदक यंत्रणा यासाठीच घ्यावी. एक चाक फुटले की त्याच बाजूचे दुसरेही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि आईला झोप आली म्हणून तिला चालत्या ट्रेलरमधल्या पलंगावर कधीही झोपवू नये. अनेक राज्यांत त्याला कायद्यानेच मनाई आहे.

बसणाऱ्यांची तयारी

भाड्याच्या गाडीने रुग्णालयात किंवा गावी जाताना टायर आपले नसतात, जीव आपला असतो. बसण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. 'दादा, लांब जायचंय, जरा टायर बघून घेतो हं,' असे गोडीत म्हटले तर कोणी रागावत नाही. टायर गुळगुळीत असतील तर दुसरी गाडी मागवावी. घरातली काळजी घेणारी व्यक्ती सून असो, मुलगा असो की पगारी मदतनीस, हे विचारण्याचा तिला संकोच वाटू देऊ नये.

मागच्या आसनावरही पट्टा लावावा; तसा नियम आहेच. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नव्हे तर कमरेच्या हाडांवर यावा. पाठीमागे जाड उशी ठेवली की शरीर आणि पट्टा यांत अंतर पडते. कंबर दुखत असेल तर पातळ आधार पुरे. पेसमेकर असलेल्यांनीही पट्टा लावायचा असतो. टोचत असेल तर खाली मऊ रुमाल ठेवावा. पुढचे आसन पूर्ण मागे पाडून रुग्णाला निजवणे सोयीचे दिसते, परंतु धक्का बसला तर शरीर पट्ट्याखालून निसटते.

दर दीड-दोन तासांनी थांबावे. टायर निवतात, चालकाचे डोळे विसावतात, आणि पायांत रक्त साकळण्याचा जो धोका लांब बसण्याने ज्येष्ठांना असतो तो पाच मिनिटांच्या फेरीने बराच कमी होतो. उतरल्यावर हाताचा मागचा भाग टायरजवळ नेऊन पाहावा. चारांपैकी एकच चाक इतरांहून स्पष्टपणे अधिक तापलेले असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक चिकटतो आहे. तो पाहिल्याशिवाय पुढे निघू नये. लघवीसाठी थांबावे लागेल म्हणून पाणी न पिणारी आजी प्रत्येक घरात असते. थांबे आधीच ठरलेले आहेत हे तिला सांगितले, तर ती पाणी पिते.

टायर फुटलाच तर

मोठा आवाज होतो, गाडी एका बाजूला ओढते. पुढचा टायर असेल तर सुकाणू जोराने ओढले जाते, मागचा असेल तर गाडीची पाठ डोलू लागते. पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि तेथेच सर्वाधिक अपघात घडू शकतो. ब्रेक दाबू नये. सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, वेगाच्या पेडलवरून पाय हळूहळू उचलावा, वेग आपोआप उतरू द्यावा. वेग पुरेसा उतरल्यावर हलकेच डावीकडे घ्यावे, धोक्याचे दिवे लावावेत. रिमवर थोडे अंतर चालवावे लागले आणि रिम खराब झाला तरी चालेल, पण रांगेच्या मध्ये उभे राहू नये. ट्रेलर ओढत असतानाही हेच करायचे. घरात जो गाडी चालवतो त्याच्याकडून हे चार टप्पे निघण्याआधी तोंडी म्हणवून घ्यावेत. गाडीत बसलेल्यांनी किंचाळू नये, चालकाचा हात धरू नये.

गाडी थांबली की उजव्या बाजूने कोणी उतरू नये. चालता येणाऱ्यांनी डावीकडून उतरून रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यापलीकडे जावे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी पट्टा लावून आतच बसावे, आणि एकाने त्रिकोणी चिन्ह गाडीच्या मागे शक्य तितके दूर नेऊन ठेवावे. द्रुतगती मार्गावर स्वतः जॅक लावून चाक बदलत बसण्यापेक्षा ११२ वर फोन करावा; राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. कोणाला लागले असेल तर १०८. फोन करताना सांगायला रस्त्याकडेच्या खांबावरील किलोमीटरचा आकडा आधी पाहून ठेवावा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या व्यक्तीचे डोके खिडकीला किंवा पुढच्या आसनाला आपटले असेल, तर 'काही नाही झाले, जरा टेंगूळ आले आहे' यावर विश्वास ठेवू नये. अशा व्यक्तीला डोक्याच्या आत हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो आणि लक्षणे काही तासांनी, क्वचित दिवसांनी दिसतात. देवदर्शन राहू द्यावे, वाटेतल्या पहिल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि तेथील डॉक्टरांना गोळीचे नाव आणि शेवटची मात्रा कधी घेतली ती वेळ सांगावी. औषधांच्या पिशवीत ती चिठ्ठी आजच लिहून ठेवता येईल.